अंतरपाट आणि दुसरा सर्व्हर

अंतरपाट धरलेला असतानाच विभाचे यंत्रडोळे विझले. शहरातला लॉगिन सर्व्हर बंद पडला होता आणि त्याने ओळख पटवल्याशिवाय हे डोळे चालत नसत.

"आई, मला त्यांना बघायचंय," ती पुटपुटली.

"बघशील. दुसरा सर्व्हर मी कोठीत मांडलाय, तुझ्या डोळ्यांची डिस्क इमेज, म्हणजे हुबेहूब प्रतही त्यावर आहे. सुरू व्हायला जरा वेळ लागेल." विभाची आई प्रमिला नणंदेकडे वळली. "वन्सं, आणखी एक मंगलाष्टक म्हणा."

"एरवी आवरा म्हणता, वहिनी!" वन्सं हसल्या आणि लांबवून लांबवून गायल्या.

अंतरपाट खाली आला.

"मुंडावळ्या वाकड्या झाल्यात तुमच्या," विभा नवऱ्याला म्हणाली.

कोठीतल्या त्या यंत्रावरून प्रमिलाला वर्षभर टोमणे मारणारे तिचे दीर मांडवात उभे राहिले. "आमच्या वहिनींनी मांडलाय तो दुसरा सर्व्हर!" ते ओरडले.