एनोक बंदूक निवडतो

"यात तर रात्र आहे," बंदुकीवरच्या दुर्बिणीला डोळा लावून एनोक म्हणाला.

"टोपण काढा, एनोककाका," दुकानवाली बोलेथे म्हणाली.

त्याने टोपण काढलं. "हां. आता पहाट झाली."

दूध घ्यायला आलेली मंडळी खो खो हसली. बर्फाळ किनाऱ्यावरच्या या वस्तीत दुकान एकच, त्यात बंदुका दुधाच्या शेजारी. त्यामुळे बंदूक कुणीही घेवो, अक्कल अख्खी वस्ती शिकवते.

एनोकने दुर्बीणवाली बाजूला सारली. "मला बंदूक हवीय, चष्मा नकोय."

जुनी बंदूक मागच्या आठवड्यात गेली. होडीतून उतरताना त्याने ती हळूच, तान्ह्या बाळासारखी बर्फावर ठेवली. तो बर्फ नव्हता, धुकं होतं. बंदूक डुबुक म्हणाली, आणि तो आवाज थेट शहरात त्याच्या मुलीला ऐकू गेला. मिळेल त्या जहाजाने ती आली. आता दारात हाताची घडी घालून उभी होती.

मारेन तिचं नाव. एनोकची आई वारली त्याच हिवाळ्यात ती जन्मली, म्हणून रिवाजाप्रमाणे आजीचं नाव तिला. आणि नाव आईचं, म्हणून तो पाळण्यातल्या पोरीला 'आई' म्हणायला लागला. म्हातारपणी ते अंगाशी आलं होतं.

एनोकने एका बंदुकीचा काडतूस सरकवायचा दांडा मागेपुढे केला. "आई, हिचा बोल्ट बघ. लोण्यासारखा सरकतोय."

"बाबा, बोल्ट डोळे मिटूनही सरकतो. तुला हवी ती बंदूक घे. किनाऱ्यावरच्या दगडावर कॉफीचा डबा ठेवते. लागला, तर मी एकटी परत जाते. नाही लागला, तर उद्या तू माझ्याबरोबर जहाजात. शहरातल्या वृद्धाश्रमात खोली मिळालीय. गरम पाणी आहे, टीव्ही आहे."

"आणि सील?"

"देतात की. दर बुधवारी."

"मारायला?"

"खायला, बाबा! कापून, बशीत."

एनोक पुन्हा बंदुकांकडे वळला. सगळ्या बावीस बोअरच्या. गोळी लहान, भोक लहान. सीलचं कातडं फाटत नाही, तित्तिराचं मांस उरतं, आणि डब्यावर नेम धरायलाही हीच. एकीचा दस्ता गालाला बोचला. दुसरी फार हलकी. "ही वाऱ्यात नाचेल," तो म्हणाला.

"माझ्या नवऱ्याने तसलीच घेतली होती," म्हातारी क्रिस्टिने म्हणाली.

"मग?"

"मग काय, जन्मभर मासे खाल्ले."

तिसरी त्याने हातात घेतली, तोलली, नळी हुंगली, गाल टेकवला. गाल आपोआप जागेवर बसला. "हीच," तो म्हणाला. वरात बाहेर निघाली.

"हेन्रिक कुठाय?" एनोकने विचारलं. हेन्रिक त्याचा मेव्हणा, होडीतला सोबती.

"पोटात दुखतंय त्याच्या," बोलेथे म्हणाली.

"पाठीत," क्रिस्टिने त्याच क्षणी म्हणाली.

दुखत असेल दोन्हीकडे, एनोकला वाटलं.

मारेनने स्वतः जाऊन दगडावर लाल डबा ठेवला. "दिसतोय ना, बाबा?"

"न दिसायला काय झालं?"

एनोक बर्फात पालथा पडला. समोर पांढरं होतं. त्याच्या पलीकडे आणखी पांढरं. लाटांमधून वर आलेली सीलची नाकपुडी या डोळ्यांनी कितीदा टिपली होती. आज लाल रंगसुद्धा पांढऱ्याला फितूर झाला होता. त्याने नळी डावीकडे नेली. उजवीकडे नेली. मागे सगळे श्वास रोखून उभे होते, कुत्रीसुद्धा गप्प. कुठेच काही नव्हतं. त्याच्याही नकळत त्याच्या छातीतून एक सुस्कारा निघून गेला.

धाड! टणकन डबा उडाला.

"लागला! लागला!" बोलेथे ओरडली. क्रिस्टिनेने शेजारच्या माणसाला मिठी मारली. टाळ्या सगळ्यांत आधी मारेनने वाजवल्या, रडत रडत.

एनोकचं बोट मात्र अजून चापाबाहेर सरळच होतं.

आवाज शेजारच्या मासळीच्या शेडमागून आला होता. ती बंदूक त्याने झोपेतही ओळखली असती. एकाचा नेम चुकला की सील बुडी मारतं, म्हणून होडीत दोघं एकदमच बार काढायचे. एनोकचा श्वास सुटला की दोन्ही चाप ओढले जायचे. हेन्रिक त्याच्याकडे कधी बघायचा नाही, नुसता ऐकायचा. आजही त्याने नुसतं ऐकलं होतं.

शेडमागून हेन्रिक पोट धरून आला. "काय दाजी! लागला म्हणे? आवाजानेच मला बरं वाटलं बघा!"

एनोक गुडघ्यावरचा बर्फ झटकत उठला. त्याने बोल्ट मागे ओढला. गोळीसकट अख्खं काडतूस बर्फावर पडलं. टाळ्या एकेक करून थांबल्या. हेन्रिकचं हसू तसंच तोंडावर राहिलं, काढून कुठे ठेवावं ते त्याला कळेना.

"बंदूक झकास आहे, बोलेथे," एनोक म्हणाला. "हिला डोळे लागत नाहीत. चाप ओढायलाही कुणी लागत नाही." त्याने ती तिच्या हातात दिली. "हेन्रिकला दे. मी काय करू हिच्याबरोबर?"

"बाबा," मारेन घाईघाईने म्हणाली, "डबा पडला ना? ठरल्याप्रमाणे मी एकटी जाते."

"चल, आई," एनोक म्हणाला. "सामान भरायचंय." आणि तिचा हात धरायला त्याने आपला हात पुढे केला.

मारेन त्याच्या उजवीकडे उभी होती. हात डावीकडे गेला होता. या वेळी कुणी हसलं नाही. ती पावलं न वाजवता त्याच्यामागून वळसा घालून गेली आणि त्या हातापाशी जाऊन उभी राहिली.