सैल गाठ

आमच्या दुकानात मासेमारीच्या तुटक्या दोऱ्या जोडायला येतात. दादा डावखुरा, त्यामुळे त्याची गाठ सगळ्यांच्या उलटी वळायची. आवळण्याआधी तो ती तोंडात धरून ओली करायचा आणि एक टोक माझ्या हातात देऊन म्हणायचा, "ओढ गं छोटे, जेवली नाहीस का?"

गेल्या वर्षी त्याची होडी परत आली. तो आला नाही.

काल दुपारी एका दोरीचे दोन तुकडे बाकावर ठेवून मी चहा टाकायला आत गेले. परत येऊन पाहते तर दोरी एक झालेली. गाठ उलटी वळलेली, अजून सैल.

"वहिनी, ही गाठ तू मारलीस?"

वहिनी दारात बसून गळांचा गंज घासत होती. "मी? लग्न झाल्यापासून माझ्या गाठींना नावं ठेवतेस, आणि आज मलाच विचारतेस?" ती हसत उठली, गाठीला बोट लावलं, आणि तिचं हसू तिथंच थांबलं.

"ओली आहे."

मीही हात लावला. ओली होती, आणि कोमट.

दोरीचं एक टोक बाकावर होतं. दुसरं बाकामागच्या अंधारात खाली गेलं होतं. वहिनीनं बाकावरचं टोक उचललं.

"वहिनी, नको."

"ह्यांना दुसरं टोक धरायला कुणीतरी लागतंच ना गं," ती म्हणाली आणि तिनं दोरी मनगटाला गुंडाळली.

तिनं ओढलं नव्हतं. तरी गाठ आवळत गेली, आणि वहिनी एक पाऊल बाकाकडे सरकली.