बांधाचं मऊ टोक

कारभारीनं काठी बांधावर टेकवली आणि ती सरळ हातभर आत गेली. त्यानं ती उपसली, थोडं मागं येऊन पुन्हा टेकवली. इथं काठी जाईना. पुढं माती भुसभुशीत आणि मागं दगडासारखी. शिवाय या टोकाला बांधाची उंचीही कमी होती. आणि टोकाच्या अगदी खाली, नाकासमोर, त्याची स्वतःची विहीर.

दुष्काळी कामावर सगळा गाव उन्हाळाभर इथं राबला होता. बायांनी डोक्यावरून माती वाहिली, गड्यांनी धुम्मस घालून ती ठोकली. पाऊस झाला की हा पाझर तलाव भरेल, पाणी जमिनीत मुरेल आणि खालच्या विहिरींना लागेल, या एका आशेवर. कारभारीची विहीर बांधाला सगळ्यांत जवळची. ती कोरडी पडल्यापासून त्याच्या तोंडची चव गेली होती.

ओव्हरसियर घोलपसाहेबांवर त्याचा पहिल्यापासून संशय. दुसऱ्या टोकाला साहेबांनी सांडवा ठेवला होता, तलाव भरला की जादा पाणी निघून जायला. तो इतका खाली की निम्मं पाणी शेजारच्या गावाला जाणार, असं कारभारीचं म्हणणं. आणि साहेब जेवायला त्याच गावात जातात, हे त्यानं डोळ्यांनी पाहिलं होतं. एवढा पुरावा त्याला पुष्कळ झाला. आता तर ही मऊ मातीही सापडली.

काम संपलं होतं. साहेब सायकलला पिशवी अडकवून निघालेच होते.

"साहेब, जरा हिकडं या. हितली माती कुनी खाल्ली?"

साहेब आले. रुतलेली काठी पाहून त्यांना ना राग आला, ना घाम फुटला.

"कुणी नाही खाल्ली. तेवढं मीच मऊ ठेवलंय."

"मुद्दाम?"

"मुद्दाम."

चोर पकडावा आणि त्यानं लगेच हो म्हणावं, असं कारभारीच्या बाबतीत कधी घडलं नव्हतं.

साहेबांनी सांडव्याकडं बोट केलं. तिथं बाभळीखाली दगडांचा ढीग पडला होता. "ते कशाला आणलेत?"

"द्येवळाच्या वट्याला."

"देऊळ गावात आहे, कारभारी."

कारभारीनं उगाच टोपी सारखी केली. साहेबांची पाठ वळली की सांडव्यात दगड रचायचे, वरून माती लिंपायची आणि तलाव आणखी भरून घ्यायचा, असं त्यानं चुलतभाऊ श्रीमंतशी कधीच ठरवून टाकलं होतं.

"मागं एका गावात मी असाच बांध घातला," साहेब म्हणाले. "लोकांनी सांडवा बुजवला. पाण्याला वाट राहिली नाही, बांध मधोमध फुटला आणि खालची वस्ती धुऊन गेली. मी लाख समजावलं होतं. पण डोळ्यांदेखत पाणी निघून जाताना कुणाला बघवत नाही. मलाही बघवलं नसतं. म्हणून या वेळी समजावत बसलो नाही. सांडवा बुजवलात, तर बांध आधी या मऊ टोकाला फुटेल. मधे तग धरेल, इथली खालची वस्ती वाचेल."

"आन माजी हीर?"

"गाळानं भरेल."

कारभारीनं काठी बांधावर आपटली. "म्या ठोकून घट करीन ह्ये टोक!"

"करा. मग फुटेल मधोमध. खाली वस्तीवर तुमची साळूबाई नांदते ना?"

लेकीचं नाव निघालं तसा कारभारी खाली बसला. त्याला साहेबांचा भयंकर राग आला, आणि त्याहून जास्त भीती वाटली. "मंग दुसऱ्या कुनाच्या हिरीवर ठिवायचं की वो ह्ये!"

"ठेवलं असतं," साहेब सायकलवर टांग टाकत म्हणाले. "पण दगड तुमच्या गाडीतून आले."

सायकल वळणाआड गेली. आभाळात ढगाचं पिल्लूसुद्धा नव्हतं. कारभारी तरी बसल्या जागेवरून विहिरीत गाळाचं पाणी लोटताना पाहत होता.

तेवढ्यात पलीकडून आवाज आला. श्रीमंत सांडव्यात उतरला होता आणि त्याच्या खांद्यावर मोठा धोंडा होता.

"दादा, ग्येला का त्यो? लागू का कामाला?"

कारभारी धोतर सावरत बांधावरून पळत सुटला. "ठिव त्यो खाली! भाईर ठिव, भाईर!"

"आरं, तूच म्हनला हुतास…"

"ठिव म्हंतो ना!"

श्रीमंतनं धोंडा बाहेर टाकला. धापा टाकत कारभारी त्याच्याकडं बघत राहिला. लहानपणापासून एका ताटात जेवलेला भाऊ. पण त्याची विहीर लांब, पार पलीकडच्या अंगाला. सांडवा बुजला तर त्याचं काय जाणार होतं? आणि गोजरबाईचं? गहिनीनाथचं? त्यांच्याही विहिरी लांबच. रिकाम्या पाट्या घेऊन घराकडं निघालेल्या माणसांकडं कारभारीनं एकेक करून पाहिलं. आज एकही चेहरा त्याला भरवशाचा वाटेना.

"मंग आता दगडांचं काय करायचं?" श्रीमंतनं विचारलं.

"वटा बांधायचा."

"कुठं?"

"हितंच, सांडव्याच्या कडंला. मला बसायला." कारभारीनं काठी आडवी धरली. "आन शिरमंत्या, हितनं जाताना रोज रिकामं हात दावून जा."