मेणाची अंगठी

आमच्या टोलेडोच्या हौशी दागिनेवाल्यांच्या क्लबात वेंडेल तीन वर्षं दर शनिवारी एकच प्रश्न घेऊन येतोय. चांदीचा रस साच्यात व्हॅक्यूमने ओढून घ्यावा, की साचा गरगर फिरवून आत ढकलावा? त्याच्या डबीत मेणाची एक अंगठी आहे. त्याची बायको लोर्ना वारली, त्याच्या आदल्या आठवड्यात तिने वळलेली. वर तिच्या बोटांचे ठसे.

काल मी वैतागलोच.

"अरे, एवढा विचार तर तू लग्न करतानाही केला नसशील! अंगठीभोवती प्लॅस्टरचा साचा ओतायचा, भट्टीत आतलं मेण जळून गेलं, की उरलेल्या पोकळीत चांदी कशीही भर. ठसे हुबेहूब उतरतील."

त्याने डबीचं झाकण लावलं.



"मेण जाळावं लागणार नाही, असं एखादं मशीन नाही का रे?"