हिरवं रक्त

“थांब वं, दम घेऊ दे,” लहानपणी भुलाबाईचं गाणं अर्ध्यावर सोडून आई म्हणायची. तो आवाज जयाच्या कानात अजून होता.

आता कॉलेजातल्या संगणकावर, नाव नसलेल्या एका एक्स-रेवरून मांडलेल्या फुगलेल्या नशीत तिने जाळी बसवली होती. रक्त संथ झालं तर नस वाचणार, नाहीतर फुटणार.

पडद्यावरचं हिरवं रक्त मधेच दम घेत होतं.

डबा घेऊन आलेली आई, अंजनाबाई, शेजारी बसली. “कोनाची नस हाय वं?”

“कोनाचीच नाही. नुसते आकडे.”

“मंग मी बोलली का रक्त थांबते काहून?”

जयाने संगणक बंद केला. काळ्या पडद्यावर रक्त वाहतच राहिलं.

अंजनाबाईने हसत श्वास रोखला. रक्त थांबलं. तिने श्वास सोडला, तरी ते हललं नाही.

“आई,” जया म्हणाली, “ते नस तुहीच हाय.”