दारातल्या चपला

ज्या मंडळीला पाटी नाही, घंटा नाही, ती ख्रिस्ताची मंडळी नव्हेच, असे चर्चचे पंच शमुवेलआप्पा सांगत. चार घरे चर्चला येईनाशी झाली, तेव्हा ती भोंदूच्या नादी लागल्याच्या संशयाने ते मच्छे गावात बायाक्काच्या दारी आले. उंबऱ्यापाशी एकही चप्पल नव्हती. “हितं कोण न्हाय, आप्पा,” बायाक्का म्हणाली. “चुलीवर एवढा चहा कुणाला गं?” चपला काढून आप्पा आत शिरले. भिंतीलगत त्याच चार घरांतली माणसे प्रार्थनेला बसली होती. प्रत्येकाच्या मांडीवर स्वतःच्या चपला. “लपून कसली भक्ती रं?” आप्पांनी विचारले. “बाहेर चपला दिसल्या की प्रार्थना चाललीय हे कळतं, मग मोटारसायकलीवरची पोरं येऊन दगडं मारत्यात,” एकजण म्हणाला. “ तुमास्नी कुणी धाडलं, आप्पा?” संशय आता आप्पांवरच होता. तेवढ्यात गल्लीत मोटारसायकली थांबल्या. दारात फक्त आप्पांच्या चपलांचा जोड होता. आप्पा उठले, उंबऱ्याबाहेर वाकले आणि चपला मांडीवर घेऊन भिंतीलगत बसले.