टक्क्यांचा लिलाव

नारूच्या होडीतून घोळ मासा उतरला आणि झाईचा अख्खा किनारा त्याच्याभोवती गोळा झाला. दोघांनी उचलून ताडपत्रीवर ठेवला, तरी शेपटी वाळूतच राहिली. जाळ्यात दिसताच नारूने सांगून टाकलं होतं, "हा सुदाम मास्तरांच्या नावाचा."

सुदाम म्हणजे जमुनाबायचा थोरला. विद्यापीठाच्या बँडपथकाचा मास्तर. गेल्या वर्षी गेला. त्याच्या नावाने बँडमधल्या एका मुलाला दरसाल शिष्यवृत्ती द्यायची म्हणून त्याचे जुने विद्यार्थी पैसे जमवत होते. थोडे कमी पडत होते, आणि मुदत आजच संपत होती.

लिलाव दुसऱ्या कोणाला करू द्या, असं सून, सुदामची बायको भाविनी, हळूच म्हणाली, तशी जमुनाबायने पदर खोचला. "तू करशील? तुझ्या आवाजाने दारातलं कुत्रं उठत नाही."

उमरगावच्या नविनशेठने पहिली बोली लावली ती पन्नास हजारांची, आणि वर हात जोडले. "जमुनाबेन, मास्तरसाठी."

"मास्तर गेला, शेठ, भाव नाही गेला. याच्या पोटातली बोत, हवेची ती पिशवी, तू सोन्याच्या मोलाने विकशील. दया घरी ठेव, भाव बोल."

बाया फिसकन हसल्या. डहाणूचा व्यापारी पुढे सरकला. साठ झाले, ऐंशी झाले. जमुनाबाय एकाकडे बघून बोले आणि दुसऱ्याला टोचे. लाखावर गाडी अडली तेव्हा ती नविनशेठच्या नव्या बुटांकडे नुसतं बघत राहिली. त्याने मुकाट्याने सव्वा केले.

"सव्वा लाख एक, सव्वा लाख दोन, सव्वा लाख तीन."

नयनने उडीच मारली. तो सुदामचा विद्यार्थी, आता त्याच पथकाचा मास्तर. तिथूनच त्याने विद्यापीठाच्या साहेबांना फोन लावला. "जमले, साहेब. हो. हो, पंच्याहत्तर टक्क्यांचं माहीत आहे."

"कसले टक्के?" जमुनाबायने विचारलं.

"आई, बारावीला पंच्याहत्तर टक्के असले तरच शिष्यवृत्ती मिळते. छापील अट असते."

मासा उचलायला वाकलेल्या दोघांना तिने हातानेच थांबवलं. "ठेवा खाली. सुदामने बारावीत दोनदा गटांगळी खाल्ली. माझ्या पोराच्या नावाचं बक्षीस माझ्या पोरालाच मिळालं नसतं. अट राहिली तर सौदा मोडला."

"आई, आज शेवटचा दिवस. मास्तरांचं नाव राहून जाईल."

"राहू दे. दे तो फोन. मोठ्याने लाव."

साहेबांनी ऐकून घेतलं. शब्द जपून वापरणारा माणूस. "बाई, अटींचा छापील नमुना बदलता येतो. तुमच्यासाठी सत्तर करू."

जमुनाबाय गर्दीकडे वळली. "सत्तर बोलतायत. कोणाला परवडतं?"

"नाय परवडत," बाया एका सुरात म्हणाल्या.

"साठ?" फोनमधून आलं.

"साठात तर मी पण नाही बसत, बेन," नविनशेठ म्हणाला.

पन्नास झाले, चाळीस झाले. दर आकड्याला किनारा हसत होता, आणि आता साहेबांनाही हसू आवरत नव्हतं. "पस्तीस, बाई. त्याच्याखाली माणूस पासच होत नाही."

"पस्तीसही नको. पहिल्या खेपेला त्याला इंग्रजीत सतरा होते."

"सतरा नाही," मागून आवाज आला, "अकरा." भाविनी बोलली होती. एवढ्या मोठ्याने की होडीवरच्यांनीही मान वळवली. जमुनाबायने तिच्याकडे वळून पाहिलं, आणि दोघी एकदमच हसल्या.

"बरं, टक्के काढले," साहेब म्हणाले. "पण मग मुलगा निवडायचा कशावर? काहीतरी अट लिहावी लागेल. सांगा, काय लिहू?"

माशावर टाकलेल्या बर्फाचं पाणी ताडपत्रीवरून वाळूत उतरत होतं. सुरूच्या झाडांपलीकडे जमुनाबायच्या घराचं पत्र्याचं छप्पर दिसत होतं. तिने तिकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ धरला.

"लिही. ज्याची आई दिवसभर ओरडते, मेल्या, बंद कर ते बडवणं, त्याला द्यायची."